ऐकायची चित्रं

सेलूत चातुर्मास सुरू झाला की काही घरांत आजही पांडवप्रतापाची पोथी लागते. वाचणारा एक, ऐकणारी दहा-पंधरा माणसं आणि मध्ये समई. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात ही पोथी आजी लावायची. तिला वाचता येत नव्हतं. वाचायला शेजारचे काका यायचे. पण त्यांनी एखादी ओवी गाळली की आजी हात वर करून थांबवायची, कारण पोथी तिला कानानं पाठ होती. मी तिच्या मांडीला टेकून ऐकायचो. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहणारा भीम आमच्या मोंढ्यातल्या हमालासारखा होता, उघड्या अंगाचा, खांद्यावर कापसाचं बोचकं घेतलेला. द्रौपदी आजीसारखं नऊवारी नेसायची. विराटाचं राज्य तर स्टेशनापलीकडच्या शेतांतच होतं.

पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो आणि आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट शिकवत राहिलो : आधी नीट पाहा, मग काढा. निवृत्तीनंतर, माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेलं हे पुस्तक वाचताना जाणवलं की या उपदेशाचा अर्धा भाग मी सांगितलाच नव्हता. काही चित्रं नुसती पाहून कळत नाहीत, ती ऐकावी लागतात. या पुस्तकात अशा चित्रांच्या तीन घरांची ओळख आहे. पहिलं पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय, दुसरं सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावातलं ठाकर आदिवासी कला अंगण आणि तिसरं इंडोनेशियातल्या बाली बेटावरचं, उबुद गावातलं पुरी लुकिसान. तिन्ही ठिकाणी लेखकांबरोबर जाण्याचा योग मला आला. प्रस्तावना लिहायचा माझा अधिकार एवढाच.

या तिघांना जोडणारा धागा चित्रकथीचा आहे, म्हणून सुरुवात त्या शब्दापासून करतो. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून कथा सांगणारा, आणि ती कलाही. कथेकऱ्याकडे चित्रांचा एक गठ्ठा असतो. त्यालाही पोथीच म्हणतात, पण तिच्यात अक्षर नसतं. सुटी पानं असतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेला तीस-चाळीस, कधी पन्नासच्या आसपास चित्रं. आरंभी गणपती आणि सरस्वती. मग एकेक पान ऐकणाऱ्यांसमोर धरायचं, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीनं ओवी म्हणायची आणि तिचा अर्थ बोलीत उलगडायचा. प्रसंग संपला की पान मागे जातं आणि पुढचं वर येतं. रामायण-महाभारतातली आख्यानं, आणि त्यांच्या अवतीभोवती लोकांनीच वाढवलेल्या कथा या पोथ्यांत असतात.

ही रीत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजानं काय खावं, कुठल्या हत्तीवर बसावं, करमणूक कशी करावी, असं सगळं त्यात आहे. त्यात चित्रकथकाचाही उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. 1948 पर्यंत बिदर आणि परभणी हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे चित्रकथकाची ती जुनी नोंद आपल्या शेजारघरातली आहे. आमच्याकडच्या मुलांना चित्रकथी ही कोकणातली कला म्हणून शिकवली जाते, तेव्हा हे शेजारपणही सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

शेजारपणाचा आणखी मोठा पुरावा पुण्यात आहे. केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी पानं आहेत. त्यांतली बरीच ‘पैठण चित्रं’ या नावानं ओळखली जातात, कारण ती पैठणच्या परिसरातून मिळाली. आपल्या गोदावरीच्या काठचं पैठण. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे गृहस्थ. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीनं पुढची पन्नासहून अधिक वर्षं गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, दरवाजे गोळा केले. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि 1975 साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. वीस हजारांवर वस्तू आहेत. एका वेळी मांडता येतात त्या त्यांतल्या थोड्याच. लोक मस्तानी महालापाशी रेंगाळतात, ते साहजिक आहे. चित्रकथीच्या पानांपुढून मात्र पावलं लवकर उचलली जातात, आणि लेखकांनी पहिल्या प्रकरणात नेमकी हीच पावलं थांबवली आहेत.

या चित्रांत डोळ्याला गुंगवणारी सफाई नाही. चेहरा बाजूनं काढलेला, पण डोळा समोरून दिसावा तसा मोठा आणि टक्क उघडा. नाक टोकदार. अंगावरचे दागिने ठिपक्यांनी भरलेले. लांबचं लहान, जवळचं मोठं, हा नियम इथे चालत नाही. कथेत ज्याचं काम मोठं, तो चित्रात मोठा. पैठण चित्रांचे रंग भडक आणि रेषा दणकट. युद्धाच्या पानावर बाणांची अशी दाटी की दोन्ही बाजूंचे वीर त्या बाणांनीच एकमेकांना बांधल्यासारखे दिसतात. चित्रशाळेतला परीक्षक या पानांना कमी गुण देईल. पण हे चित्र कोणासाठी आणि किती अंतरावरून पाहायला काढलंय, हा विचार त्यानं केला पाहिजे. रात्रीची वेळ, तेलाचा दिवा, देवळाच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं, मागच्या रांगेत झोपेला आलेली पोरं. त्या उजेडात, त्या अंतरावरून मोठा डोळाच दिसतो. नाजूक छटा तिथे वाया जातील. ओवी चालू आहे तेवढाच वेळ ते पान डोळ्यांपुढे असतं आणि तेवढ्या वेळात राक्षस कोण, राजा कोण, कोण कोणाकडे रोखून बघतंय, हे कळलं पाहिजे. काचेआड, विजेच्या दिव्याखाली, आवाजाविना ठेवलेलं पान म्हणजे चालीशिवाय छापलेली ओवी. ओवी म्हणून ती खरीच असते, पण तिचा अर्धा जीव बाहेर राहिलेला असतो.

पैठणकडे ती चाल आता कोणी म्हणत नाही. चित्रं पुण्यात आली, कथेकरी काळाआड गेले. त्यांच्या घराण्यांचं पुढे काय झालं, ती कुठे विखुरली, याचा शोध घेणारं काम मराठवाड्यातूनच व्हायला हवं. ॲना दल्लापिकोला या विदुषीनं पैठण चित्रांवर 1980 साली अख्खा ग्रंथ लिहिला, तोही जर्मन भाषेत. आपल्या नदीच्या काठची चित्रं आपल्याआधी जर्मन वाचकाला तपशिलानं कळली, याची टोचणी मला आहे आणि वाचकालाही ती लागावी.

आता पिंगुळी. मला विचाराल तर या पुस्तकाचा जीव दुसऱ्या प्रकरणात आहे.

मुंबई-गोवा रस्त्यावरचं कुडाळ सोडलं की थोड्याच अंतरावर पिंगुळीतली गुढीपूर ही वाडी लागते. इथे ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळ बैल, राधानृत्य अशा कितीतरी कला या समाजाकडे पिढीजात आल्या. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा त्यांना आश्रय होता. देवळांत त्यांचे मान ठरलेले होते : अमुक घराण्यानं अमुक देवळात अमुक दिवशी कथा लावायची. संस्थान 1948 साली विलीन झालं, मागोमाग सिनेमा आला, पुढे घरात टीव्ही आला. ठरलेल्या दिवशी कथा लावायला माणूस जायचा, पण ऐकायला कोणी बसेना. पोथ्या फडक्यात बांधून माळ्यावर गेल्या. काही पोथ्या मोडीच्या भावानं गावाबाहेर गेल्या. 1977 साली मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ हा माहितीपट काढला. तोपर्यंत ही कला शेवटचा श्वास घेते आहे असंच बहुतेकांना वाटत होतं.

तो श्वास धरून ठेवणाऱ्यांत परशुराम विश्राम गंगावणे यांचं नाव पुढे येतं. त्यांनी घरचा गोठा रिकामा करून त्यात संग्रहालय उभं केलं, तेच हे ठाकर आदिवासी कला अंगण. 2006 साली ते सुरू झालं आणि 2021 साली गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात संग्रहालय उभारलं याचं अनेकांना नवल वाटतं. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात गोठ्याइतकी जपलेली जागा दुसरी कुठली असते? दावणीची जनावरं जशी सांभाळायची, तशीच या पोथ्या आणि बाहुल्या सांभाळल्या जात आहेत.

आत दोरीवर लटकलेल्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या कोरीव आकृत्या, वाद्यं, जुनी पानं आणि त्याच हातांनी आज काढलेली नवी पानं आहेत. मोठ्या संग्रहालयात वस्तू आणि पाहुणा यांच्यामध्ये काच असते आणि पाटी असते. इथे मध्ये माणूस असतो. तो पान उचलतो, वीणेची तार छेडतो आणि सांगू लागतो. आमच्याबरोबर आलेली सेलूची मुलं बसून बसून कंटाळली होती, रात्रभराच्या प्रवासानं पेंगुळली होती. पहिलं पान वर आलं आणि ओवी सुरू झाली, तशी ती पुढे सरकली. मालवणी हेल त्यांच्या कानाला नवा होता. पण ओवीची चाल त्यांना ओळखीची निघाली. आमच्याकडे पोथीवाचनात, काकड्यात, गोंधळात तिचीच बहीण भेटते. एका मुलीनं मागाहून मला सांगितलं, ‘सर, ही तर आमच्या आजीच्या पोथीतलीच गोष्ट आहे, फक्त हिला तोंडं आहेत.’ या पुस्तकाला मी ठेवलं असतं तर हेच नाव ठेवलं असतं.

संध्याकाळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ झाला. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि पातळ कातड्यात छिन्नीनं पाडलेल्या भोकांतून झिरपणारा उजेड. छायाबाहुल्यांची ही परंपरा महाराष्ट्रात पिंगुळीनंच टिकवली आहे. चित्रकथीतल्या माणसांचे चेहरे बाजूनं का काढलेले, दागिने ठिपक्यांनी का भरलेले, याचं उत्तर मला त्या पडद्यावर सापडल्यासारखं वाटलं. सावलीला समोरचा चेहरा नसतो. सावलीत ओळख पटते ती नाकाच्या रेघेनं, आणि दागिना दिसतो तो भोकांमधून. कागदावरचं चित्र आणि पडद्यावरची सावली ही दोन भावंडं आहेत. दोघांना बोलतं करणारा आवाज एकच.

नवं काही होतंय की नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. होतंय. पिंगुळीचे कलावंत आज सामाजिक विषयांवरही बाहुल्यांचे खेळ करतात, शाळांत जातात, विकण्यासाठी नवी चित्रं काढतात. माझं मत असं की विकण्यासाठी काढलेलं सुटं चित्र घरात लावणं चांगलंच, त्यानं कलावंताची चूल पेटते. पण ज्याला परवडेल त्यानं एखादी अख्खी पोथी करून घ्यावी आणि गावात ती लावायला कलावंतालाच बोलवावं. लग्नात वाजणाऱ्या डीजेला आपण जे देतो, त्याच्या काही अंशात हे होईल.

तिसरं प्रकरण उघडताना काही वाचकांच्या मनात शंका येईल की पैठण-पिंगुळीच्या पुस्तकात बाली बेट कशाला. मलाही ती आली होती. उबुदला पोचेपर्यंत होती.

पुरी लुकिसान या नावातला ‘पुरी’ हा शब्द आपल्याला ओळखू येतो. बालीच्या भाषेत तो राजवाड्यासाठी वापरतात आणि लुकिसान म्हणजे चित्र. चित्रांचा राजवाडा. 1954 साली पाया घातला गेला आणि 1956 साली तो लोकांसाठी खुला झाला. बाग, कमळांची तळी आणि भोवती दालनं. एका दालनात बालीची जुनी, वायांग शैलीतली चित्रं आहेत. त्यांच्यापुढे उभं राहिलो आणि पिंगुळीचा पडदा आठवला. वायांग कुलित म्हणजे बाली आणि जावाचा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, आणि वायांग शैलीची चित्रं म्हणजे त्याच बाहुल्या कापडावर उतरलेल्या. तीच भावंडं, समुद्रापलीकडची.

ही चित्रं करणाऱ्यांचं मुख्य गाव कामासान. ते क्लुंगकुंगच्या जुन्या राजधानीला लागून आहे. तिथली पद्धत लेखकांनी बारकाईनं नोंदवली आहे आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी ती वर्गात वाचून दाखवावी. कापडाला तांदळाची खळ द्यायची, उन्हात वाळवायचं आणि मग कवडीनं घासून घासून गुळगुळीत करायचं. रेषा बांबूच्या टोकानं. काळा रंग काजळीचा, पांढरा हाडं जाळून केलेला, पिवळा मातीचा. माणसाचा स्वभाव डोळ्यांवरून ओळखायचा : सज्जनाचे डोळे बारीक, लांबट; उग्र स्वभावाचे आणि राक्षस यांचे वाटोळे, बटबटीत. भीमाच्या कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र आणि अंगठ्याला लांब नख. हा भीम पाहिला आणि मला मोंढ्यातला माझा भीम आठवला.

बालीचं महाभारत कुठून आलं, हेही सांगायला हवं. जावाच्या धर्मवंश राजाच्या काळात, दहाव्या शतकाच्या अखेरीस, महाभारताची पर्वं तिथल्या जुन्या भाषेत गद्यात उतरवली गेली. त्यांतल्या विराटपर्वाचं साल 996 आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. म्हणजे आपल्या मराठीत गीतेचा अर्थ आला, त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी त्या बेटांवर पांडवांची कथा तिथल्या बोलण्यात मुरू लागली होती. आणि मुरताना तिनं नवी फळंही धरली. क्लुंगकुंगच्या जुन्या न्यायमंडपाचं, केर्ता गोसाचं, अख्खं छत कामासान शैलीच्या चित्रांनी भरलेलं आहे. त्यातली मुख्य कथा आहे भीमाची. आपले आईबाप, पंडू आणि माद्री, नरकात अडकले आहेत असं कळल्यावर त्यांना सोडवायला भीम नरकात उतरतो. बरोबर त्वालेन आणि मेर्दाह हे दोन सेवक. वाटेत तो पापांच्या शिक्षा पाहतो. आमच्याकडच्या पांडवप्रतापात ही कथा नाही. माद्री भीमाची सख्खी आई नव्हे, हे आजीनं लगेच सांगितलं असतं. आणि तरीही सावत्र आईला सोडवायला नरकापर्यंत जाणारा मुलगा तिला पटला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच छताच्या खालच्या रांगेत तंत्रीच्या गोष्टी आहेत. राजाला रोज रात्री एकेक प्राणिकथा सांगणारी ही मुलगी आपल्या पंचतंत्राच्या गोतावळ्यातली. या चित्रांखाली न्यायनिवाडा चालायचा आणि मान वर केली की आरोपीला पुढचा हिशेब दिसायचा.

छायाखेळ करणारा दालांग पडद्यामागे एकटा बसतो आणि सगळ्या पात्रांचे आवाज काढतो. राजे, देव, वीर ‘कवी’ नावाच्या जुन्या भाषेत बोलतात. ती आजच्या प्रेक्षकाला समजत नाही. मग त्वालेनसारखे सेवक तेच बोलणं साध्या बाली भाषेत, थट्टा करत, लोकांना समजावतात. ओवी आधी, अर्थ मागून. आपला कीर्तनकार संस्कृत श्लोक म्हणून जे निरूपण करतो, पिंगुळीचा कथेकरी ओवीमागून जे बोलतो, तेच काम. रवींद्रनाथ ठाकुरांनी 1927 साली जावा-बालीचा प्रवास केला, तेव्हा त्यांनाही आपल्या कथा अशा वेगळ्या वेशात भेटल्या होत्या.

पण बालीचं दालन नुसत्या नात्यासाठी या पुस्तकात आलेलं नाही. तिथल्या राजाश्रयाचं जे झालं ते आपल्याकडेही झालं, आणि त्यांनी त्यावर काय केलं ते आपण पाहण्यासारखं आहे. 1908 साली क्लुंगकुंगचं राज्य डचांनी बुडवलं. राजा आणि त्याचा परिवार शरण न जाता बंदुकांपुढे चालत गेला आणि मारला गेला. चित्रकारांचा पोशिंदा संपला. मागोमाग प्रवासी आले आणि त्यांना विकायला झटपट चित्रं होऊ लागली. तेव्हा 1936 साली उबुदमध्ये चित्रकार आणि शिल्पकारांची एक संस्था उभी राहिली. तिचं नाव पिता महा, म्हणजे आपला पितामह हाच शब्द. उबुदच्या राजघराण्यातले चोकोर्डा गदे आगुंग सुकावती, थोर चित्रकार इ गुस्ती न्योमान लेम्पाड, आणि वॉल्टर स्पीस, रुडॉल्फ बॉनेट हे दोन युरोपीय चित्रकार तिच्या मागे होते. सभासदांनी आपली चित्रं आणून दाखवायची, त्यांतली चांगली निवडायची, प्रदर्शनं भरवायची आणि योग्य किमतीला विकायची. महायुद्धात संस्था बंद पडली. स्पीसना कैदी म्हणून नेणारं जहाज 1942 साली बुडालं, त्यात ते गेले. पण युद्धानंतर त्याच विचारातून पुरी लुकिसान उभं राहिलं. लेम्पाड शंभरी ओलांडून 1978 साली वारले. त्यांची शाईची रेषा मी तासभर पाहत उभा होतो. भरपूर मोकळी जागा आणि मध्ये दोन-तीन माणसं. जुन्या शैलीत कुठेही जागा मोकळी सोडत नाहीत. ही मोकळी जागा सोडायला परंपरेतल्या माणसाला फार मोठं धैर्य लागलं असेल.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. 1960 च्या सुमारास आरी स्मिट नावाच्या, हॉलंडमध्ये जन्मून इंडोनेशियाचे नागरिक झालेल्या चित्रकारानं उबुदजवळच्या पेनेस्तानान गावातल्या पोरांना रंग आणि कागद दिले, आणि काय काढायचं ते त्यांच्यावर सोडलं. त्या पोरांनी शेतं, बदकं, सण, आई-बाप अशा झगझगीत रंगांत काढले की त्यांची वेगळी शैलीच झाली. माझ्या नोकरीत मी किती मुलांना ‘आकाश निळंच हवं’ म्हणून सांगितलं, ते आठवून त्या दालनात मला वाईट वाटलं.

तिथली जुनी शैलीही नवीन माणसांच्या हाती चालू आहे. कामासानच्या न्योमान मांद्रा यांनी घरी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. मांकू मुरियाती या बाई वडिलांकडून शिकून त्याच शैलीत चित्रं काढतात, आणि आजच्या जगातले प्रसंगही तिच्यात आणतात. ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ अशी दोन दालनं करण्याची संग्रहालयांना सवय असते. पण मुरियातींचं चित्र कुठल्या दालनात लावायचं? लेखकांनी हा प्रश्न नेमका विचारला आहे आणि उत्तर देण्याची घाई केलेली नाही, हे मला आवडलं. पिंगुळीच्या नव्या पानांनाही तोच प्रश्न लागू आहे.

पुस्तकात एक उणीव आहे, तीही सांगतो. मराठवाड्याचं प्रकरण यात नाही. आमच्या जिल्ह्यानं परभणीच्या राजाराम कदमांसारखे गोंधळी दिले, वासुदेव, पिंगळे, बहुरूपी आमच्या गल्ल्यांतून फिरले. गाऊन, नाचून, अंगावर सोंग चढवून कथा सांगणारी माणसं आमच्याकडे कमी नव्हती. पैठणची चित्रं दाखवणारे कथेकरी गोदेच्या या बाजूला पाथरी-मानवत-सेलूकडे आले नसतील, असं मला वाटत नाही. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. लेखकांनी पुराव्याशिवाय एक ओळही लिहिली नाही, ते त्यांनी योग्यच केलं. पुरावा शोधणं हे आता वाचकाचं काम आहे.

आणि इथे मला आमच्याच वाड्यातली एक गोष्ट सांगावी लागते. आजी गेल्यानंतर माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेले तीन-चार गठ्ठे निघाले. जीर्ण पोथ्या वाहत्या पाण्यात सोडायच्या, ही आपली रीत. ते गठ्ठे मी स्वतः सायकलला लावून दुधनेवर नेले आणि न उघडता सोडून दिले. त्यात छापील पांडवप्रतापाची जुनी प्रत असेल, कुळाचे कागद असतील, हिशेबाच्या वह्या असतील. कदाचित आणखीही काही असेल. त्या वेळी मी चित्रकलेचा शिक्षक होतो आणि ते फडकं सोडून पाहावं असं मला सुचलं नाही.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्याला माझी विनंती आहे. पुण्याला गेलात तर चित्रकथीच्या पानांपुढे थोडं थांबा. कोकणात गेलात तर पिंगुळीला जा, आणि पानं विकत घेण्याआधी कथा ऐका. बालीला जाणं सगळ्यांना जमणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी उबुदच्या दालनात भीम शोधावा, चौकड्यांच्या वस्त्रावरून तो लगेच सापडतो. आणि सेलूत, पाथरीत, जिंतुरात, कुठल्याही जुन्या घरात माळा झाडताना फडक्यात बांधलेलं काही हाती आलं, तर नदीवर नेण्याआधी ते उघडा. घरात जुनं माणूस असेल तर त्याच्यासमोर बसून उघडा, एकेक पान वर धरा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या.